काळ्या केसांखालच्या पांढऱ्या भुवया

प्रिय भाऊसाहेब,

नमस्कार. मान लववून केला आहे असं समजून घ्या. खरोखर लववली तर कपाळ कागदाला टेकेल आणि टेकेल तिथे काळा डाग उमटेल, अशी सध्या माझी अवस्था आहे. (ती कशी आली हे पुढे ओघानं येईलच. मन घट्ट करून वाचा.) तुमची तब्येत कशी आहे? जिना चढताना अजून धाप लागते का? चष्म्याचा नंबर पुन्हा वाढल्याचं कळलं, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. कृपा करून हे पत्र खिडकीपाशी नेऊन, खोलीचं दार लोटून, एकट्यानं वाचा. फोनच केला असता. पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मग तुमची बहीण शेजारी उभी राहून माझं वाक्य न् वाक्य मोठ्यानं तुमच्या कानात सांगते. जे तिच्यापासून लपवायचं ते तिच्याच तोंडून तुम्हाला ऐकवायचं, हे मला जमण्यातलं नाही.

तर भाऊसाहेब, मी घाबरलो आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू निघाले हे फार उत्तम झालं. (तुम्ही तिला इतके दिवस ठेवून घेतलंत, वेळच्या वेळी डोळ्यांत थेंब घातलेत, हे मी विसरणार नाही.) पट्टी सुटली त्या दिवशी तिचा फोन आला होता. आवाज असा, की वर्गात पहिली आलेली मुलगी निकाल सांगायला धावत घरी यावी. तुमच्या भिंती पिवळ्या नाहीत, हिरव्या आहेत म्हणे. समोरच्या झाडाचं पान न् पान सुटं दिसतं म्हणे. पेपर तर आता तीच तुम्हाला वाचून दाखवते. आणि मग हसत हसत म्हणाली, "दादाकडे बघितलं आणि एकदम तोंडून गेलं, अरे, तू किती म्हातारा झालास रे." ती हसली, मीही हसलो. फोन ठेवला आणि मी तडक आरशापुढे जाऊन उभा राहिलो. कारण भाऊसाहेब, तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहात.

तिच्या डोळ्यांवर धुकं उतरलं ते इतकं हळूहळू, की ते कधी आलं हे आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. पण त्या धुक्यात मी सुरक्षित होतो. तिनं मला शेवटचं स्वच्छ पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यात काळ्या केसांचं बहुमत होतं आणि हनुवटी एकच होती. त्यानंतर जे जे ढासळलं ते तिच्या नकळत ढासळलं. तुम्ही आहात तसेच आहात हो, असं ती मला म्हणायची. हे धुकं बोलतंय हे मला कळायचं. पण ऐकायला गोड लागायचं, आणि गोड बोलणाऱ्याची कोणी उलटतपासणी घेतं का? बाहेर पडताना दारात थांबवून ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि भांग सरळ आहे का ते बोटांनीच पाहायची. आता बोटांचं ते काम डोळे करणार. हसली तर हसू दे, त्याची भीती नाही. भीती वेगळीच आहे. ती दार उघडून माझ्याकडे बघेल, क्षणभर गप्प होईल, आणि मग समजूतदारपणे प्रवासाचं काहीतरी बोलू लागेल. तिचा समजूतदारपणा मला चांगला ठाऊक आहे. तो क्षणभराचा गप्पपणा माझ्यानं सोसवणार नाही.

म्हणून मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो आणि इतर गिऱ्हाईकं जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्या निरखत उभा राहिलो. मग अगदी खालच्या आवाजात केसांचा रंग मागितला. दुकानदारानं तितक्याच वरच्या आवाजात विचारलं, कोणासाठी. (मी पुतण्यासाठी म्हणालो. मला पुतण्या नाही हे तुम्ही जाणताच.) त्यानं तपकिरी खोकं पुढे केलं आणि म्हणाला, आजोबा, हा घ्या, वयाला शोभेल. त्या 'आजोबा'नं घात केला. सारी नोकरी भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात गेली, काळ्या शाईतली काळी शाई कोणती ते मी झाकल्या डोळ्यांनी सांगेन, आणि मला हा तपकिरी देणार? मी त्याच्याकडचा सगळ्यांत काळा रंग मागितला. खोक्यावर ठळक अक्षरांत 'कायमस्वरूपी' असं लिहिलेलं मी घरी येऊन वाचलं. या वयात कायमस्वरूपी असं काही घ्यायला हात धजत नाही हो. आम्ही हल्ली केळीसुद्धा दोनच आणतो.

खोक्यात दोन बाटल्या, हातमोजे आणि एक माहितीपत्रक निघालं. ते मी भिंग घेऊन वाचलं आणि वाचायला नको होतं असं वाटलं. आग झाल्यास, सूज आल्यास, चक्कर आल्यास, डोळ्यांत गेल्यास. अशी यादी भूकंपाच्या सूचनेतही नसते. आधी थोडा रंग कानामागे लावून दोन दिवस थांबा, असंही होतं. मी आज्ञाधारक माणूस. लावला आणि थांबलो. ते दोन दिवस मी सारखा कान चाचपत होतो, आणि तिचा फोन आला की उगाच दुसऱ्या कानाला लावत होतो, जणू तिला वास येईल. काही झालं नाही. सूज आली असती तर बरं झालं असतं, सुटलो असतो, असंही एकदा मनात येऊन गेलं.

मग काल दुपारी न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसून मी बाटल्या एकत्र केल्या. वास असा, की डोळ्यांतून पाणी. पत्रकात म्हटलं होतं की भुवयांना मुळीच लावू नका, म्हणून नाही लावला. मिशीबद्दल चकार शब्द नव्हता, म्हणून लावला. अंगावरच्या धातूच्या वस्तू काढून ठेवा, असंही होतं, म्हणून घड्याळ बाहेर ठेवलं होतं. (चूक इथे झाली. मला तेव्हा ती हुशारी वाटली.) रंग अर्धा तास ठेवायचा होता. आता अर्धा तास मोजायचा कसा? तर कचेरीत नकाशावरची शाई वाळेपर्यंत मी शाळेतल्या कविता मनात म्हणायचो, आणि कोणत्या कवितेला किती शाई वाळते याचा माझा अंदाज पक्का होता. ती नावाड्याची कविता तुम्हालाही असेलच शाळेत. पूर आलेली नदी, रिकामी होडी, एकटा नावाडी. सावकाश दहा वेळा म्हटली की अर्धा तास भरतो. डोळे मिटले आणि सुरू केली. पहिल्या कडव्यात नदी फुगली. दुसऱ्यात होडी सुटली. आणि तिसरं कडवं, भाऊसाहेब, आठवेना.

कचेरी सुटल्यापासून ते मला कधीच आठवत नाही. इतकी वर्षं तिसऱ्याचा पहिला शब्द तुमची बहीणच मला देत आली आहे. स्वयंपाकघरातून, पाठमोरी, कणीक मळता मळता. तो शब्द मिळाला की मी गडगडत चौथ्या कडव्यात पैलतीराला. काल स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. जोर मिळावा म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा नदी, पुन्हा होडी, पुन्हा मधलं पाणी. मग वाटलं, गुरुजींचा चेहरा आठवला तर शब्दही आठवेल. गुरुजी आठवले, त्यांचा खडूनं पांढरा झालेला कोट आठवला, खिडकीशेजारचा माझा बाक आठवला, त्या बाकावर तळव्याला लागणारं ऊन आठवलं, पुढच्या मुलाचं चपचपीत तेल लावलेलं डोकं आठवलं. डोक्यावरून मला आत्ताचं डोकं आठवायला हवं होतं. ते मात्र आठवलं नाही. किती वेळ गेला देव जाणे. दाराची घंटा वाजली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून पार गेलं होतं.

मी घाईघाईनं डोकं धुतलं, तिचा आवडता टॉवेल (आता तो माझाच म्हणायचा, तिला देण्यासारखा राहिलेला नाही) मानेभोवती टाकला आणि आरशात न बघताच दार उघडलं. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई माझी आखूड करायला दिलेली विजार घेऊन उभ्या होत्या. मला रोज पाहणाऱ्या बाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे घरात पाहिलं, विजार छातीशी धरली आणि जपून विचारलं, "काका आहेत का घरात?"

भाऊसाहेब, मीच काका, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण ओळख न पटण्याच्या ज्या भीतीनं हा सगळा उद्योग केला ती अशी दुसऱ्याच्या तोंडून उंबऱ्यात येऊन उभी राहिली, आणि मी म्हणालो, "नाहीत, बाहेर गेलेत." आणि दार लावून घेतलं.

मग आरशात पाहिलं. तो रंग काळा नव्हता हो. अमावास्येला निळीच्या पाण्यात बुडवून काढावं तसं काहीतरी होतं. केस निळेकाळे, मिशी त्याहून काळी, कपाळावर दोन बोटं रुंद पट्टा, कानांच्या पाळ्या जांभळ्या. आणि या सगळ्याच्या मधोमध माझ्या भुवया, पांढऱ्याशुभ्र, ढगाखालून उडणाऱ्या दोन बगळ्यांसारख्या. मी साबण लावला, तेल लावलं, दात घासायची पेस्टही लावली. बगळे तेवढे आणखी उजळ झाले.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. बाई रखवालदाराला घेऊन आल्या होत्या, कारण काकांच्या घरात एक परका माणूस शिरला आहे आणि काकांचं त्यानं काय केलं ते कळायला मार्ग नाही. रखवालदारानं बाहेरून काठी आपटली आणि कोण आहे म्हणून विचारलं. मी आतून म्हटलं, मी आहे. (असं प्रत्येक चोर म्हणत असेल.) दार उघडलं तेव्हा माझे हात आपोआप वर गेले होते. रखवालदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग पुन्हा वर आला, आणि बाईंकडे वळून म्हणाला, "भुवया काकांच्याच आहेत." तेव्हा कुठे बाईंनी विजार माझ्या हातात दिली. जाताना म्हणाल्या, काकू यायच्या आत काहीतरी करा. त्या हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी टोपी घालून न्हाव्याकडे जाऊन आलो. त्याचं मत पडलं की सगळे केस उतरवावेत. तो वस्तरा शोधत होता तेवढ्यात मीच टोपी वर करून टाळू पाहिली. केसांखाली टाळूही तितकीच रंगली आहे. म्हणजे केस उतरवून चंद्र निघायचा नाही, तवा निघेल. आणि केस हाताला असे लागतात, की झाडूच्या काड्या. तिच्या डोळ्यांना मी ओळखू येणार नाही हे तर झालंच. आता तिच्या बोटांनाही येणार नाही. टॉवेल वाया गेला त्याचं काही नाही. या एका विचारानं मात्र कालपासून जीव थाऱ्यावर नाही.

एक विचारायचं होतं. तुमच्याकडे बघून, तू किती म्हातारा झालास, असं ती म्हणाली, त्यानंतर पुढे काय झालं? ती लगेच हसली, की आधी जरा गप्प झाली होती? आठवून, खरं तेच कळवा.

आपला,
(एरवी ज्याला तुम्ही पाहताक्षणी ओळखता तो)

ता. क. ती पुढच्या आठवड्यात शनिवारच्या गाडीनं निघणार आहे. तुमचा गुडघा तोवर जरा दुखू द्याल का? फार नको, तिला काळजी वाटेल. पण बहिणीनं महिनाभर तरी थांबावं इतका दुखायला हरकत नाही. मुळांपाशी पांढरं दिसू लागलं की मी स्वतः फोन करीन, मग गुडघा बरा करा.

ता. क. दोन. वरचं लिहिल्यावर वाटलं की भुवया जुळवून घेतल्या तर निम्मा प्रश्न सुटेल. रंग लावायचं धाडस नव्हतं, म्हणून तिच्या कपाटातलं काजळ लावून पाहिलं. एक भुवई झाली आणि धीर सुटला. आता मी डावीकडून एक माणूस आहे आणि उजवीकडून दुसरा.

ता. क. तीन. पाकिटाला डिंक लावताना हात थांबला. चष्मा असूनही तुम्हाला पेपर ती वाचून दाखवते, हे मीच वर लिहिलं आहे. मग माझं पत्र कोण वाचून दाखवत असेल? भाऊसाहेब, पत्र फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही. तुम्ही आता कानाला त्रास देऊ नका, यापुढचं तुमच्यासाठी नाही.

अगं, इथवर वाचलंच आहेस, तर दादाचा गुडघा खोटा आहे. शनिवारीच ये. दार मी उघडीन, पण तू लगेच बघू नकोस, डोळे मिटून उभी राहा. मी नावाड्याची कविता म्हणायला लागेन. तिसऱ्या कडव्यापाशी अडकलो की समज, मीच आहे.