बिलावर उडीद पापड

२२ एप्रिल, मंगळवार
नवी वही. संकल्प तीन. एक, कमी बोलणे. दोन, रोज चालणे. तीन, दर्या मार्टमध्ये महिन्यातून एकदाच जाणे. तिथे नको त्या वस्तू पिशवीत येतात.

संध्याकाळी दर्या मार्टपर्यंत चालत गेले. दुसरा संकल्प पाळला.

साबण, चहा आणि सोनूबाईच्या गटाचा सुका जवळा, एक पाकीट. सोनूबाई मोरा बंदराच्या कोळीवाड्यातली. चाळीस वर्षं माझ्या दारावर मासळी आणते. आता गुडघे गेले. डॉक्टरने डोक्यावर ओझं घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय. म्हणून तिच्या बचत गटाच्या अकरा बायका सुकी मासळी पाकिटात भरतात आणि ती मार्टमध्ये एका रॅकवर विकली जाते. रॅक मिळण्यासाठीचा इंग्रजी अर्ज माझा. मॅनेजर धनेशने वाचला आणि दोन दिवसांत रॅक दिला. शिपिंग एजंटच्या ऑफिसात छत्तीस वर्षं स्टेनो होते. माझ्या अर्जाला दुसरा अर्ज लागत नाही.

२३ एप्रिल, सकाळी ७
बिल तपासलं. पाकिटावर किंमत साठ. रॅकच्या पट्टीवर साठ, मी चष्मा लावून वाचली होती. बिलात जवळा नाहीच. बिलात ‘उडीद पापड २०० ग्रॅम, ७५’.

मी पापड घेतला नाही. मी पापड खातही नाही, ॲसिडिटी होते.

पंधरा रुपये जास्त. प्रश्न पंधरा रुपयांचा नाही, प्रिन्सिपलचा आहे. छापील किमतीच्या वर एक पैसा घेता येत नाही. उरणमध्ये हे माहीत असलेली व्यक्ती बहुधा मीच.

दुपारी १२.३०
जाऊन आले. खरेदीसाठी गेले नव्हते, त्यामुळे तिसरा संकल्प शाबूत.

काउंटरवर अमिषा नावाची मुलगी. म्हणाली सिस्टीमला तेच येतं. मी तिला सांगितलं, सिस्टीमला माणूस सांगतो, माणसाला सिस्टीम नाही. मोजकंच बोलले, फार तर पंचवीस मिनिटं. माझ्या मागे सात जण होते. माझा मुद्दा पटताच सगळे एकदम निघून दोन नंबरच्या काउंटरवर गेले. याला म्हणतात जनमताचा पाठिंबा.

मग धनेश आला. बसायला खुर्ची दिली. माणूस घाबरला की खुर्ची देतो. त्याने कबूल केलं की गटाच्या पाकिटांना स्वतःचा बारकोड नाही, तो काढायचा तर कागदपत्रं लागतात. पापडही तेव्हा साठलाच होता म्हणून पापडाचा कोड त्यानेच छापून जवळ्यावर चिकटवला. नंतर कंपनीने पापड पंच्याहत्तरला नेला आणि जवळा त्याच्याबरोबर गेला. म्हणाला, “मॅडम, त्या बायांसाठीच केलं हो. नायतर हेड ऑफिस रॅकच देत नव्हतं.”

म्हणजे गुन्हा कबूल. वर परोपकाराचा आव.

त्याने पंधरा रुपये आणि एक चॉकलेट पुढे केलं. मी नाकारलं. मागण्या सांगितल्या: लेटरहेडवर लेखी माफी, आणि ज्यांनी ज्यांनी पापडाच्या भावाने जवळा घेतला त्या सर्वांना परतावा. तो म्हणाला, कॉम्प्युटरवाला पनवेलहून आला की कोड बदलतो. कोड हा मुद्दाच नाही.

घरी आल्यावर पिशवीत चॉकलेट सापडलं. लाच. परत करायला उद्या जावं लागेल.

२४ एप्रिल
गेले. धनेश गोडाऊनमध्ये होता. एक तास थांबले, तो गोडाऊनमध्येच. घाबरलाय. चॉकलेट उन्हाने मऊ झालं होतं, तसं परत करणं शोभलं नसतं. खाल्लं.

२६ एप्रिल, शनिवार
सोनूबाई घरी आली. टोपली नव्हती. पायरीवर बसली आणि पाय लांब केले. म्हणाली, धनेश म्हनतो तुमी लय रागावल्यात. तो वायट न्हाय. कोड आमच्यासाठी चिकटवला त्यानं. हा आगोटीचा महिना हाय. पावसाआधी लोक सुकी मासळी भरून ठेवतात, तेवढ्यावर आमचं वरीस जातं. आता रॅकवर काय झालं तर पुन्हा टोपली घेऊन दारोदार फिरायची माझ्यात ताकद न्हाय.

मग पदराची गाठ सोडली आणि पायरीवर पंधरा रुपये ठेवले. दहाची नोट आणि पाचचं नाणं. “हे घ्या ताय, आनि सोडून द्या.”

माझ्या लगेच लक्षात आलं. धनेशने तिच्यावर दबाव आणलाय. गरीब बाईला पुढे करणं हा मॅनेजर लोकांचा जुना डाव. तिचे पैसे तिच्या हातात परत दिले आणि सांगितलं, भिऊ नको, मी तुझ्या मागे उभी आहे. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी. या लोकांना आभार मानता येत नाहीत.

२८ एप्रिल
जनजागृती. मार्टच्या दारात उभी राहिले. ‘बिल तपासा, हक्क जपा’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेला पुठ्ठा. वॉचमनने स्टूल दिलं. प्रतिसाद उत्तम. एका बाईंनी छत्री सांभाळायला दिली, एकाने विचारलं बासमती कुठे आहे, दोघांनी आत जाण्यापूर्वी पिशव्या माझ्याकडे ठेवल्या आणि टोकन मागितलं. लोकांचा विश्वास बसतोय.

बिल एकानेही दाखवलं नाही. उन्हामुळे.

भावेश, माझा भाचा, ट्रेलरचा धंदा करतो. गाडी थांबवून म्हणाला, आत्या, चल घरी, पंधरा रुपये मी देतो. मी म्हटलं, तुला कॉन्व्हेंटमध्ये घातलं असतं तर असं बोलला नसतास. तो म्हणाला, कॉन्व्हेंटमध्ये घातलं असतं तर मी पण इथेच पुठ्ठा घेऊन उभा असतो.

निर्लज्ज. त्याची आई तशीच होती.

२ मे
ग्राहक हेल्पलाइनवर फोन. पलीकडच्या मुलीला माझं इंग्रजी कळायला वेळ लागला, मराठी त्याहून जास्त. तक्रार नोंदली गेली. क्रमांक वहीच्या मागे लिहिला.

कमी बोलण्याचा संकल्प उद्यापासून काटेकोर.

७ मे
तक्रार बंद. कारण: दुकानाने परतावा देऊ केला, ग्राहकाने नाकारला. म्हणजे दुकानाने चूक मान्य केली हे आता रेकॉर्डवर आलं. केस मजबूत झाली.

मार्टमध्ये गेले, केवळ पाहणीसाठी. जवळा आता बिलावरही साठलाच येतो, बिलात नाव मात्र पापड. कॉम्प्युटरवाला येऊन गेला वाटतं. अमिषा म्हणाली, “झालं ना मॅडम आता तुमच्या मनासारखं?” मी म्हटलं, जवळ्याला पापड म्हणणं माझ्या मनासारखं नाही. रॅक अर्धा रिकामा होता. विचारलं तर म्हणाली, आगोट आहे, लोक चार-चार पाकिटं नेतात, गटाच्या बाया दिवसाआड भरून देतात. सोनूबाई तिथेच रॅकशेजारी स्टुलावर बसून लोकांना कोलीम आणि जवळ्यातला फरक समजावत होती. मला बघून उठली आणि आत गेली. बिचारीला माझ्यासमोर बसायला संकोच वाटतो.

९ मे
अलिबागला वजनमाप कार्यालयाला अर्ज. इंग्रजीत, साडेतीन पानं, बारा मुद्दे. सोबत बिलाची झेरॉक्स आणि पुरावा म्हणून जवळ्याचं पाकीट, ‘एक्झिबिट ए’ असं लेबल लावून. पोस्टातला भागोजी वास घेऊन म्हणाला, मॅडम, हे स्पीड पोस्टनेच पाठवा.

असा ड्राफ्ट नोकरीत असतानाही जमला नव्हता. तीनदा वाचला. चौथ्यांदा भावेशला वाचून दाखवला. सातव्या मुद्द्याला तो झोपला, दिवसभर गाडी चालवून येतो.

१६ मे, शुक्रवार
विजय. इन्स्पेक्टर आले. मला मार्टमध्ये बोलावून घेतलं. तरुण, सभ्य, इस्त्रीचा शर्ट. माझा अर्ज हातात धरून विचारलं, आपण वकील आहात का? मी म्हटलं, नाही, पण मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटने शिकवलंय. त्यांनी मान डोलावली.

मग काम. पापडाचा कोड बघितला, भाव बघितले. धनेशने बदल केल्याचा कागद दाखवला. त्याला लेखी ताकीद मिळाली. मी उभी होते, धनेशने मान खाली घातली. पंचवीस दिवसांची तपश्चर्या.

इन्स्पेक्टरांनी मग एक्झिबिट ए पिशवीतून काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं. पाकिटावर भरल्याची तारीख नाही. पत्ता अर्धाच. तक्रारीसाठी फोन नंबर नाही. निव्वळ वजन ‘अंदाजे पाव’ असं हाताने लिहिलेलं. अशी पाकिटं रॅकवर ठेवता येत नाहीत म्हणाले, सगळी दुरुस्त होईपर्यंत उतरवायची. एकशे चाळीस पाकिटं निघाली. नियमाप्रमाणे योग्यच. माणूस अत्यंत काटेकोर. कौतुक केलं पाहिजे.

खोक्यात भरताना सोनूबाई तिथे होती. माझ्याकडे बघितलं नाही. टेन्शनमध्ये होती.

रात्री जेवण गेलं नाही. आनंदाने तसं होतं.

१९ मे
सोपा विषय आहे. लेबल दुरुस्त करायचं की रॅक परत. नवं लेबल मी स्वतः ड्राफ्ट केलं. मार्टमध्ये गेले. रॅकवर नूडल्स. धनेश आज गोडाऊनमध्ये गेला नाही, समोर उभा राहिला. म्हणाला, हेड ऑफिसने कळवलंय, यापुढे स्थानिक गटाचा माल नको. ताकीद आली की ते असंच करतात.

मी म्हटलं, मी हेड ऑफिसला लिहिते.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुमच्या पहिल्या अर्जाने रॅक दिला होता मी. दुसऱ्याने गेला. तिसरा कशाला?”

उद्धट. यावर चोख उत्तर होतं. घरी आल्यावर सुचलं.

२३ मे
हेड ऑफिसला ईमेल, सात मुद्दे. अडीच मिनिटांत उत्तर. एवढी तत्परता हल्ली दिसत नाही. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ संध्याकाळी खात्यावर पंधरा रुपये जमा.

मागण्यांपैकी एक पूर्ण. माफी आणि इतरांचा परतावा बाकी. रॅकबद्दल त्यांनी लिहिलेलं नाही, म्हणजे नकारही दिलेला नाही.

२७ मे
यंदा पाऊस मे महिन्यातच. भावेश सांगत होता, कोळीवाड्यात खोक्यातली पाकिटं ओलसर झाली. गटातल्या मनुबाईने अर्धी फेकली. उरलेली दारोदार खपवतायत, आगोटीची गिऱ्हाइकं मार्टमधून दुसरीकडे गेली.

मी विचारलं, दारोदार कोण फिरतंय? तो म्हणाला, कोण म्हणजे?

आज वहीत एवढंच. डोकं दुखतंय.

२९ मे
गटाच्या परवान्यासाठी अर्ज तयार. मुद्दे नऊ. सोनूबाईची सही लागेल. लेबल, तारीख, पत्ता, सगळं नीट बसवलंय. पुढच्या आगोटीला रॅक नक्की. या वेळी अंदाजे पाव चालणार नाही हे तिला प्रेमाने समजावायचं.

तीनदा कोळीवाड्याकडे निघाले. चालण्याचा संकल्प. तिन्ही वेळा नाक्यावरून परत. चिखल.

१ जून, रविवार
आजपासून दोन महिने मासेमारी बंद. सकाळी साडेनवाला सोनूबाई आली. डोक्यावर टोपली, दोन्ही गुडघ्यांना क्रेप बँडेज. मी हाक मारायच्या आधीच पायरीवर बसली, बसायलाच आली होती. पाणी मागितलं. तांब्याभर प्यायली.

मी जवळा मागितला. तिने दोन पाकिटं काढली, एकाची किंमत पेनाने खोडलेली. पन्नासला एक म्हणाली, जरा दमट हाय, उनात घाला. मी शंभर दिले.

मग मी अर्ज आणला. सगळं वाचून दाखवायला सुरुवात केली. पहिला मुद्दा झाला, दुसरा झाला. ती ऐकत होती. तिसऱ्याला तिने माझ्या हातातल्या कागदावर हात ठेवला. ओला हात, शाई पसरली.

“मैनाताय, तुमी लय शिकलेल्या. माझ्यावर येक उपकार करा. आमच्यासाठी आता कुठं काय लिव्हू नका.”

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं.

उठली. टोपली डोक्यावर घ्यायला कुणीतरी हात लावावा लागतो. नेहमी भावेशची बायको लावते, आज ती माहेरी. सोनूबाईने गल्लीत दोन्हीकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं.

मी एका बाजूने धरली. टोपली जागची हलली नाही. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा कशीबशी तिच्या डोक्यावर गेली. चाळीस वर्षं मासळी घेते, टोपलीला हात आज पहिल्यांदा लावला. एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं.

ती वळणापर्यंत गेली. मध्ये दोनदा थांबली, भिंतीला हात टेकून. नंतर दिसली नाही.