सोडवून आणलेली

आबा,

तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी शिवाजी पेठेत मी अजून 'सोडवून आणलेली'च आहे. काल शेजारणीनं तिच्या नव्या सुनेला माझी ओळख तशीच करून दिली.

टाकलेली, माहेरी बसलेली, हे शब्द लोकांकडं तयार होते. ते तुम्ही कुणाला उच्चारू दिले नाहीत, हे खरं. गारगोटीला सासरच्यांनी मला खोलीत कोंडलं आणि निरोप धाडला, दुभती म्हैस द्या नि पोरगी न्या. तुम्ही म्हैस घेऊन आलात. मी उंबऱ्यात उभी आहे. तुम्ही तिला नव्या दाव्यानं बांधून देता आणि जुनं दावं खांद्यावर टाकता, कारण जनावर दिलं तरी त्याचं दावं देत नाहीत, घरची बरकत जाते. तिच्या पाठीवरून हात फिरवता आणि मला म्हणता, "चल." माझ्या पाठीवरून काही हात फिरला नाही.

मग रोज संध्याकाळी पेठेतल्या दूध कट्ट्यावर आपल्या उरलेल्या एका म्हशीची धार काढताना, ताजं दूध प्यायला येईल त्याला तुम्ही तेच सांगायचात.

"ही कोन वो?"

"थोरली. म्हस दिऊन सोडवून आणलीया की, पावणं."

लोक तुम्हाला शाबासकी द्यायचे आणि पेले विसळणाऱ्या मला न्याहाळायचे. एकदा मी धीर करून म्हणाले, "आबा, नुसतं माझी पोरगी म्हना की." तुम्ही भडकलात, "मग मी काय खोटं बोलतोय व्हय?"

खोटं नव्हतंच, त्याचीच चीड येते. ओलीस ठेवलेला माणूस सुटला की ओलीस राहत नाही. तुम्ही मला गारगोटीहून पेठेत आणलंत, एवढंच. दुसरं स्थळ आलं तेव्हा मला विचारलंसुद्धा नाहीत. "म्हस दिऊन आणली ती काय परत द्यायला?" हे मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि भाकरी थापत राहिले.

ते दावं तुम्ही सोप्यात खिळ्याला अडकवलंत, येताजाता दिसेल असं. तुमचं दहावं झाल्यावर मी ते पंचगंगेत टाकायला घाटापर्यंत नेलं आणि तसंच परत आणलं. काल त्या सुनेनं विचारलं, "हे कशाचं वो, काकू?"

हा कागद मी चुलीतच घालणार आहे, म्हणून सांगते. मी म्हणाले, "आमच्या आबांनी म्हस दिऊन मला सोडवून आणलं, त्या म्हशीचं." आणि आबा, सांगताना माझा आवाज तुमच्यासारखाच चढला होता.