वडीभोवतीचं कडं

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. तुझ्या मातीतली चिमूटभर पाठव, बाबांच्या पायाच्या चिघळलेल्या जखमेला लावून बघतो, तोवर डॉक्टरांना थोपवून धरतो, असं तू म्हणालास. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. काय लिहावं ते सुचत नव्हतं, आणि इथल्या कामानं मी पार थकून गेलेय.

काम म्हणजे त्याच मातीच्या वड्या. कोटाच्या बटणाएवढ्या, वर शिक्का उठवलेल्या. काही शतकांपूर्वी लोक त्या विषावर, जुलाबावर, चिघळलेल्या जखमांवर औषध म्हणून विकत घ्यायचे. संग्रहालयानं त्या आम्हाला तपासायला दिल्यात, पण माती घ्यायची ती ओरखड्यापुरती, खालच्या अंगानं, शिक्क्याला धक्का न लावता. मग ती खलायची, पाण्यात कालवायची, जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत ठेवायची आणि वाट बघायची. मातीनं जंतू मारले तर तिच्याभोवती मोकळं कडं दिसतं. आमच्या विभागाच्या बाई कडं दिसलं तरी हसत नाहीत, पुन्हा करून दाखव म्हणतात. मान मोडेपर्यंत तेच ते.

एका वडीनं खरंच कडं दाखवलं आणि पेपरवाल्यांनी ते उचलून धरलं. ते कात्रण तू बाबांना नेऊन दाखवलंस, भल्या माणसा! तेव्हापासून त्यांनी पाय कापून घ्यायचा नाही म्हणून हट्ट धरलाय. त्यांचंही काय चुकलं म्हणा. जन्मभर पायमशीनवर लोकांचे कपडे शिवले त्यांनी. आपण मशीनखाली शिरून त्यांच्या उजव्या पायाला मिठी मारायचो आणि ते मुद्दाम वेग वाढवायचे, आठवतं? तू रडायचास. मी नाही, हे इथे लिहून ठेवते. तोच हा पाय.

मागच्या आठवड्यात मी आले होते तेव्हा तू औषधं आणायला गेला होतास. बाबा मला म्हणाले, "तुझी माती नाही म्हणाली तर देईन पाय. डॉक्टरांचं मी ऐकणार नाही." डॉक्टर मात्र मला जिन्यात गाठून सांगत होते, आता घोट्यापाशी भागेल, आणखी थांबलात तर गुडघ्याच्या वरून जाईल.

म्हणून निघताना मी त्यांच्याकडून बाबांच्या जखमेतला नमुना मागून घेतला. तुला बोलले नाही. बाईंनी काही न विचारता बशा काढून दिल्या. त्याच वडीची माती बाबांच्या जंतूंवर ठेवली. मग पुन्हा ठेवली, या वेळी बाईंनी सांगितलंही नव्हतं. दादा, कडं उमटलं नाही. जंतू थेट मातीला भिडून वाढले. आमचे नेहमीचे जंतू वर्षानुवर्षं बशीत पाळलेले, गरीब. बाबांचे बाबांसारखेच हट्टी निघाले. मला फार वाईट वाटतंय. फोनवर हे सांगताना रडू आवरलं नसतं, आणि मग त्यांनी माझीच समजूत काढली असती, म्हणून लिहितेय आणि पानाचा फोटो तुझ्या फोनवर पाठवतेय. हे पत्र त्यांना वाचून दाखव. माती नाही म्हणाली, असंच सांग, आणि आजच ऑपरेशनला होकार कळव. मी उद्या निघते. आणि त्यांना हेही सांग, शेजारच्या काकूंच्या मशीनवर मी बसून बघितलंय. डाव्या पायानंही टीप सरळ येते.

तुझीच,
न रडणारी धाकटी