रिकामा डबा द्यायचा नसतो

७ जानेवारी १९७४
संध्याकाळी पूर्व भागात बिडीवाल्या बायकांची सभा. मारुतीच्या पारासमोर. कंदिलाचा उजेड, बाजूला मागांची खडखड, त्यावर आवाज चढवावा लागला. चढला. बायका सुपं मांडीवर घेऊनच बसल्या होत्या; ऐकता ऐकता बिड्या वळत होत्या.
शेवटचं वाक्य आयत्या वेळी सुचलं : "हात पसरू नका. पसरलेल्या हाताची पुन्हा मूठ होत नाही." सगळी सुपं खाली आली. टाळ्या.
पुढच्या रांगेत एक बाई सबंध भाषणभर तोंडात पदर कोंबून खोकत होती. त्या वाक्याला मात्र सर्वांत आधी तिने टाळी दिली.
घरी आल्यावर हे म्हणाले, "आवाज इथपर्यंत आला." म्हटलं, आवाज नव्हे, विचार. "विचार उद्या पोचेल, आता भाकरी खा."

११ जाने.
सकाळी सकाळी सभेतली बिडीवाली चंद्रव्वा दारात. त्या दिवशीची खोकणारी बाई तिची शेजारीण, नरसव्वा. थुंकीतून रक्त पडतं. खासगी डॉक्टर लाल औषधाची बाटली देत राहिला, तोवर ती घेत राहिली. नवऱ्यामागे राहिलेला हातमाग त्यात गेला. आता बाटली बंद. सरकारी दवाखान्यात फुकट औषध मिळतं म्हणतात, पण ही जायला तयार नाही.
"लई ताठ हाय, बाई. ताठ मानेनंच मरंल. तुमी सांगा. तुमचं भाषण पाठ हाय तिला."
यापेक्षा मोठी पावती कोणत्या वक्त्याला मिळते? जाणारच. पण आधी, काय मिळतं आणि कुठे, हे तरी मला नीट माहीत हवं.

१२ जाने.
दिवसभर तेच शोधत हिंडले. पालिकेच्या दवाखान्यातून मोठ्या इस्पितळात. तिथून, "इथं नाही, मागच्या बाजूला." मागे तीन इमारती, एकीवरही पाटी नाही. पाटी म्हणे रंगवायला गेली आहे.
खिडकीतला कारकून : "पेशंट कुठाय?"
"मी माहिती घ्यायला आले आहे."
"माहिती पेशंटला देतात."
मग मी व्हरांड्यातच सुरू झाले. कल्याणकारी राज्य म्हणजे काय, जनतेचा पैसा म्हणजे काय. रंगात आले होते. बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "बाई, तोंडाला पदर लावा आन् मग बोला. हितं समद्यांना तोच रोग हाय." बाक हसला. मीही.
आवाज ऐकून एलिसबाई म्हणून सिस्टर बाहेर आल्या. ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी चार वाक्यांत सांगितलं : थुंकी तपासणी फुकट, छातीचा फोटो फुकट, इंजेक्शनं आणि गोळ्या फुकट. अशक्तांना एका संस्थेकडून दुधाची पावडर. पण वर्षभर, कदाचित जास्तही, न चुकता यायचं.
नवस कुठे बोलायचा ते गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल. हे दार मात्र कुणालाच ठाऊक नाही. मलाही नव्हतं.

१३ जाने. रवि.
नरसव्वाकडे. एकच खोली. हाडांचा सापळा, पण बिड्यांचे कट्टे कसे रेखीव बांधलेले. मला पाट दिला. स्वतः दाराबाहेर बसली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मी सगळं सांगितलं.
"वद्दु," म्हणाली. नको. मग मराठीत, "मी आजारी हाय बाई, भिकारी न्हाय."
ही भीक नव्हे, वगैरे.
"पैसे देऊन घेतलं तर औषध. फुकट घेतलं तर भीक. आन् तुमीच सांगितलं की, पसरलेल्या हाताची पुन्हा मूठ होत न्हाय."
माझंच वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाटावरून उठले आणि घरी आले.

१६ जाने.
गड्ड्याच्या जत्रेची गर्दी तुडवत पुन्हा गेले. काल रात्रभर तयारी केली होती. तू काडेपेटी घेतेस त्यावर कर भरतेस. तू वळलेल्या बिडीवर सरकार कर घेतं. म्हणजे दवाखान्याची वीट न् वीट तुझी. तुझंच तू घेतेस, हा हक्क आहे. इतका बिनतोड युक्तिवाद मी विधिमंडळापुढेही केला असता.
ती सबंध वेळ "व्हय बाई. बरोबर हाय, बाई." शेवटी चहा दिला, दुसऱ्या घरून साखर आणून. उद्या जाशील ना?
"वद्दु."

२० जाने. रवि.
गेली नाही. चंद्रव्वा सांगून गेली, काल पुन्हा रक्त पडलं.
संतापून घरभर फिरले. हे म्हणाले, "तुझं वाक्य तुझ्यापेक्षा वजनदार झालंय. आता तुला उचलत नाही."
खरं सांगायचं तर संतापाच्या तळाशी दुसरंच काही आहे. बाई चुकते आहे, जिवावर उदार होऊन चुकते आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो. असल्या मानेसाठीच तर मी इतकी वर्षं घसा फोडला. पण मान ठेवून बाई गेली, तर त्या मानेचं मी काय करू?

२४ जाने.
एलिसबाईंना गल्लीत घेऊन गेले. वाटेत त्यांना माझे सगळे मुद्दे समजावले. त्या म्हणाल्या, "मला फार बोलता येत नाही हो."
खरंच बोलल्या नाहीत. नरसव्वाकडे पाणी मागितलं, तिच्याच तांब्यातून प्यायल्या. एका डबीत थुंकी घेतली. पिशवीतून पावडरचा डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि उठल्या. "डबा माझा आहे. मंगळवारी दवाखान्यात आणून द्या. डबे कमी आहेत." चालायला लागल्या.
नरसव्वाच्या तोंडावर "वद्दु" आलेलं मी पाहिलं. पण डबा हातात होता आणि सिस्टर कोपऱ्यावर पोचल्या होत्या.

२६ जाने.
झेंडावंदनानंतर चंद्रव्वा भेटली. नरसव्वाने पावडर कालवून गल्लीतल्या पोरांना वाटून टाकली. स्वतः थेंबही घेतला नाही.
"आणि डबा?"
"घासून ठिवलाय. चकचकीत."

२९ जाने. मंगळ.
आजचं सगळं लिहून ठेवलं पाहिजे.
सकाळी दवाखान्यात गेले. येईल अशी आशा नव्हती. ती व्हरांड्याच्या टोकाला उभी, धुतलेलं लुगडं, काखेत डबा. गल्लीपासून चालत आली होती, धाप लागलेली. एलिसबाईंपुढे डबा धरला.
कारकुनाने खिडकीतून झाकण उघडायला लावलं. "हे काय?"
"शेंगाची चटणी."
"सरकारी नोकराला भेट घेता येत नाही."
"मग काय, रिकामा डबा देऊ? आमच्यात रिकामं भांडं माघारी देत न्हाईत." आवाज खोकल्याने फुटत होता, पण ऐटीत. "तुमच्यात देतेत?"
कारकून हळूच म्हणाला, "पेशंटच्या हातचं..."
हळूच म्हणाला, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. बाकावरच्या माना खाली गेल्या. प्रत्येकाच्या घरी त्याचं ताट-वाटी वेगळी काढलेली असणार.
एलिसबाईंनी कारकुनाकडे पाहिलं नाही. "रोग खोकल्यातून जातो, चटणीतून नाही," इतकंच म्हणाल्या आणि उजवा हात पुढे केला. तळहात पसरून.
नरसव्वाने चिमूट सोडली. सिस्टरांनी तिथेच खाल्ली. "लसूण छान लागलाय."
पांढऱ्या कपड्यातला सरकारचा हात एका बिडीवालीपुढे पसरलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.
मग नरसव्वा माझ्याकडे वळली. माझा हात पदरात होता. तो एक क्षण पदरातच राहिला. इतकी पुस्तकं, इतकी भाषणं, आणि हात पदरात. मग काढला. पसरला. चटणी तिखटजाळ होती. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचं, असं समजायला हरकत नाही.
पुढे बाकावर ज्याच्या त्याच्या हातावर. शेवटी कारकुनाने चटणीसाठी खिडकीतून कागदाचा तुकडा पुढे केला : "भेट म्हणून नको. चव बघतो."
डबा रिकामा झाला. नरसव्वाने तो खाली ठेवला, दंडावरचं लुगडं सारलं.
"झालं देणंघेणं. आता टोचा."

१ फेब्रु.
एलिसबाईंना विचारलं, डब्याची युक्ती तुम्ही मुद्दाम केलीत ना? म्हणाल्या, "नाही हो. डबे खरंच कमी आहेत."

१९ फेब्रु. मंगळ.
इंजेक्शन चुकवत नाही. पावडर आता स्वतः पिते. दर वेळी रिकामा डबा परत करताना त्यात काही ना काही असतं. फुटाणे. एकदा बोरं. आज झाकण उघडलं तर तळाशी चिमूटभर मीठ. कारखान्याने आठवडाभर बिडीची पानं दिली नाहीत, काम बंद. एलिसबाईंनी ती मिठाची चिमूटही हात पसरूनच घेतली. मघाशी खुर्चीवर बसलेल्या होत्या. मीठ घ्यायला उभ्या राहिल्या.

१२ मार्च, मंगळ.
चंद्रव्वा आणि आणखी दोघी तपासायला आल्या. कुणी आणलं? मी नाही. नरसव्वाने. सगळ्यांच्या हातात एकेक वाटी, फडक्याने झाकलेली.
तिला गल्लीत बोलताना ऐकलं. "तितं भीक न्हाय ग. तितं देणंघेणं हाय."
"हक्क" म्हण, मी म्हटलं. हसली. "हक्क तुमचा शब्द हाय बाई. तुमच्या तोंडात शोभतो."
घरी येईपर्यंत राग होता. हक्क हा शब्द माणसांनी रक्त सांडून मिळवलाय, तो असा बाजूला? पण माझ्या शब्दाने एकही बाई व्हरांड्यापर्यंत आली नाही. तिच्या शब्दाने तीन आल्या. अभिमान गिळून लिहिते. नाही, गिळून नव्हे. अभिमानानेच लिहिते.
दर मंगळवारी आता मीही व्हरांड्यात उभी असते. कुणी गोंधळलेलं दिसलं की हाक मारते. तपासणी इकडे, फोटो तिकडे, रेशनकार्डाचं ऑफिस स्टेशनच्या रस्त्याला. पाटी अजून रंगून आलेली नाही. कारकून म्हणतो, "आता कशाला? तुम्ही आहात की." त्याला वाटतं टोमणा मारला.

९ एप्रिल, मंगळ.
खोकला गेला. गाल भरले. आणि आता नवीनच.
नरसव्वाची मुलगी गुलबर्ग्याला, बाळंतपण जवळ आलंय. नरसव्वा निघाली. "मी बरी झाले की, बाई. आता कशाला गोळ्या?"
एलिसबाई पहिल्यांदाच कडक झालेल्या पाहिल्या. "बरं वाटतं तेव्हाच सगळे पळतात. परत येतात ते उचलून आणलेले. मग हीच औषधं लागू पडत नाहीत." महिनाभराच्या गोळ्या बांधून दिल्या, तिकडच्या दवाखान्यासाठी चिठ्ठीही.
चिठ्ठीकडे पाहून नरसव्वा म्हणाली, "तितं माझी वळख न्हाय."

१० एप्रिल
स्टेशनवर जाताना माझ्या दारात आली. हातात डबा, पण दवाखान्याचा नव्हे. पितळी, जुना, कडी असलेला. चटणीने भरलेला.
"हा माझा डबा हाय. आईनं दिलेला. आत्ता नगं. मी येऊन नेते." आणि जिना उतरताना मागे वळून, "रिकामा देऊ नका बरं का."
रात्री ह्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१ मे
कामगार दिनाची सभा. सबंध महिना नवं वाक्य शोधते आहे. पसरलेल्या तळहाताबद्दल, ज्यावर चटणी पडते त्याच्याबद्दल. बोलत बोलत तिथे आले. म्हटलं, "पसरलेला हात..." आणि थांबले. पुढचं अजून जुळलं नव्हतं.
समोरून शंभर तोंडांनी वाक्य पुरं केलं. जुनंच. मुठी वर. केवढा तो गजर.
मी पुढच्या रांगेकडे पाहिलं. जिचं तोंड मला बघायचं होतं, ती तिथे नव्हती.

७ मे, मंगळ.
आली नाही. गोळ्या एक-दोन दिवसांत संपतील, किंवा तिने कधीच सोडल्या असतील.
रेल्वेचा संप उद्यापासून. संपाच्या बाजूने मी स्वतः दोनदा बोलले आहे, उद्याही बोलणार. त्यात तसूभर बदल नाही. पण आज दुपारी गुलबर्ग्याकडून गाडी आली तेव्हा फलाटावर होते. शेवटचा डबा रिकामा होईपर्यंत.
एलिसबाई म्हणाल्या, "एस.टी. आहे की." इंजेक्शनची सुई उकळत ठेवलेली होती. दुसऱ्यांसाठीच, पण

१४ मे, मंगळ.
रेल्वे बंदच. सकाळी स्टेशनच्या दारात संपावरच्या कामगारांपुढे बोलले, मग व्हरांड्यात. एक नवी बाई लांब उभी होती, वाटी पदराखाली धरून. कुणी सांगितलं? "नरसव्वाच्या गल्लीतली हाय."
दुपारी गुलबर्ग्याला कार्ड घातलं. गोळ्यांचं लिहिलं, फाडलं. रोगाचं लिहिलं, फाडलं. शेवटी एकच ओळ : डबा भरून ठेवला आहे, येऊन घेऊन जा.
मग भरणं आलं. हे म्हणाले, "एखादं भाषण भर, भरपूर आहेत." बेसन भाजायला घेतलं. लाडू मला कधीच जमले नाहीत. सुटत होते, पुन्हा पुन्हा वळले. जसे झाले तसे डब्यात घातले, कडी लावली.
आठवडाभर टिकतील. मग पुन्हा करीन.