मोकळी जागा

३ मार्च, सोमवार

आजपासून शब्द! साहेबांनी चक्क यादीच हातात दिली. शहराच्या नव्या नकाशात प्रत्येक उघड्या जमिनीवर या सातांपैकीच एक शब्द लिहायचा — आवार, अंगण, परसदार, पटांगण, मैदान, दफनभूमी, मोकळी जागा. माझ्या मनासारखं काम. तरी सकाळपासून जिवाला स्वस्थता नाही. हेड ड्राफ्ट्समनची जागा रिकामी आहे आणि साहेब विचारलं की 'बघू' म्हणतात. त्या 'बघू'नं माझी दोन वर्षं खाल्ली.

४ मार्च

शाळेपुढचं ते पटांगण की मैदान? शेजारच्या टेबलाशी अर्धा तास वाद. शेवटी संध्याकाळी बाबांना विचारलं. याच ऑफिसातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण ड्राफ्ट्समनपणा गेलेला नाही. कपसुद्धा बशीच्या मधोमध ठेवतात. म्हणाले, "आवाराला मालक असतो. पटांगणात लोक जमतात. मैदान सगळ्यांचं. आणि मोकळी जागा म्हणजे तिथं कुणाचंच काही नाही. उद्या कोणीही काहीही बांधेल. तो शब्द जपून लिहावा."

६ मार्च

आज ऑफिसात एक शिंपीणबाई आल्या. चर्चसमोर त्यांचं दुकान आहे. गळ्यातली टेप काढायचीही विसरल्या होत्या. चर्चच्या मागच्या भिंतीला लागून एक अरुंद पट्टा आहे, तिथे १७ तारखेपासून पार्किंगसाठी खोदणार.

"ताई, तिथं माझं बाळ आहे हो. नऊ दिवसांचं होतं. लाकडी खूण होती, ती कुजली. तिथं सगळी तान्हीच आहेत."

चर्चची दफनांची जुनी वही वाळवीनं खाल्ली. फादर हात चोळत बसलेत. मी नकाशा उलगडला. पट्ट्यावर सुरेख अक्षरात — मोकळी जागा. बाईंना तो शब्द वाचून दाखवला.

७ मार्च

तळघरात जाऊन मूळ नकाशा शोधला. नाक धुळीनं चोंदलं, पण सापडला! त्याच पट्ट्यावर — दफनभूमी. म्हणजे चौदा वर्षांपूर्वी आमची वापरातली नक्कल करताना कुणीतरी शब्द बदलला.

साहेबांकडे धावत गेले. ते थंड. "चूक झाली की मुद्दाम बदल केला, ते सुनावणीत ठरेल. दोन महिने धरा." दोन महिन्यांत तिथे गाड्या उभ्या असतील! एकच वाट आहे — ज्यानं नक्कल केली त्यानं 'चूक माझी' असं लिहून दिलं, तर सुनावणी नाही, लगेच दुरुस्ती.

नकलेवर नाव नसतं. साल आणि टेबलाचा शिक्का, एवढंच. टेबल क्रमांक दोन. बाबांचं.

८ मार्च

विचारायचं धाडस होईना. नव्या मुलांना अजून बाबांचेच नकाशे दाखवतात — 'अक्षर असं हवं.' आणि त्यांच्या हातून हे?

९ मार्च, रविवार

भांडले. नको तेवढं बोलले. "मला म्हणता शब्द जपून लिही, आणि स्वतः?" नकलेचा फोटो पुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं. मग फोटो परत माझ्या हातात दिला. आई मध्ये पडली — "अगं, त्यांचं वय बघ." "चुकीला वय नसतं," मी म्हणाले. मोठी शहाणी!

११ मार्च

अबोला. घरात माणसं तीन आणि बोलतो फक्त रेडिओ.

१२ मार्च

शिंपीणबाई पुन्हा. या वेळी काही मागितलं नाही. बाकावर बसून राहिल्या आणि जेवणाच्या सुट्टीत उठल्या. जाताना म्हणाल्या, "खोदायचंच ठरलं तर मला आधी कळवा. मी माझ्या हातानं काढीन त्याला."

नंतर काम सुचेना. एकच रेघ तीनदा खोडली. पाच दिवस उरले.

१३ मार्च

बाबा आज आपणहून म्हणाले, "कागद आण." टेबलाशी बसले आणि त्याच आखीव अक्षरात लिहिलं — नक्कल करताना शब्द चुकला, चूक माझी. खाली सही. "उद्या देऊन टाक. आणि हे बघ, यावरून तिथं कोणी मला नावं ठेवली, तर तू मध्ये पडायचं नाहीस."

तेव्हा तरी मी गोड बोलायला हवं होतं. म्हणाले काय, तर "हे रविवारीच केलं असतं तर?" जीभ आहे की कात्री!

१४ मार्च

कागद दिला. साहेबांनी दोनदा वाचला. "तुमच्या वडिलांकडून ही अपेक्षा नव्हती." मुलांना दाखवायचे नकाशे आता दुसऱ्या कुणाचे तरी काढा म्हणाले. मी मान खाली घालून उभी. सांगितल्याप्रमाणे मध्ये पडले नाही.

दुरुस्ती उद्या. नकलांच्या नोंदवहीतला तारखेचा उतारा जोडायचा तेवढा राहिलाय. बाईंना निरोप धाडला — होतंय.

१५ मार्च, शनिवार

उताऱ्यासाठी नोंदवही उघडली. नकलेची तारीख ऑक्टोबरातली. त्या ऑक्टोबरात बाबा पायाला प्लास्टर घालून घरी होते. टेबल दोनवर मी बसत होते — शिकाऊ, त्यांचं अक्षर गिरवणारी. आता आठवतं. पट्ट्यात थडग्याचा एकही दगड दिसेना, म्हणून मी शब्द 'सुधारला'. कुणाला विचारलं नाही.

बाबांनी रविवारीच माझं अक्षर ओळखलं होतं.

साहेबांकडून त्यांचा कागद परत मागून घेतला. माझा दिला. बारा वाजता पट्ट्यावर दफनभूमी लिहून झालं.

बाबा जेवायला थांबले असतील. घरी जाऊ कशी?