खेमिनचं बोट

१८ जुलै, शुक्रवार

चहा थंड झाला तरी डोक्यात तेच. मागचं अख्खं वर्ष खेमिन माझ्या पहिलीत बसली, पण पोट्टीच्या तोंडातून अक्षर निघालं नाही. दुसरीत गेली, आणि महिन्याभरातच रजनी मॅडमच्या वर्गात वाचून राहिली.

आज रजनीनं तिले सगळ्या स्टाफसमोर उभं केलं. ओळीखाली बोट ठेवून तिनं पूर्ण पान वाचलं. हेडसर म्हणाले, "वाह मैडम, आपने तो कमाल कर दिया." टाळ्या सगळ्यात जोरात मीच वाजवल्या. कोणाले काही दिसू नये म्हणून.

मले जळायले काय झालं? पोरगी शिकली ना? शिकली. पण ते बोट माझं आहे. तिची नजर ओळीवरून घसरायची, म्हणून रोज मधल्या सुट्टीनंतर तिचा हात धरून मीच ते बोट चालवायची. ती गप्प, मीच बोलायची. आता तेच बोट आपल्या आपण चालून राहिलं, अन् टाळ्या रजनीले.

हेडसरले सांगावंसं वाटलं. पण काय सांगू, बोट माझं आहे म्हणून?

सुटल्यावर रजनी गेटजवळ भेटली. मनानं चांगली आहे ती, तेच जास्त लागतं. म्हणाली, "दीदी, खेमिन पढ़ तो लेती है, बस वो उंगली रखने की आदत छुड़ानी पड़ेगी."

"हव," मी म्हटलं. "छुड़ा देना."