निशांतने खटका बंद केला होता

मी, गजानन विनायक दाभाडे, वय एकाहत्तर, लष्करी वाहनदुरुस्ती वर्कशॉपमधून निवृत्त झालेला सुभेदार, मूळ कराडचा, राहणार मनीमाजरा, चंदीगड, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहितो. आधी असे काही केले नव्हते. सगळे निशांतचेच आहे, असे धरून चाललो होतो.

१. निशांत, माझा एकुलता मुलगा, खासगी बस चालवीत असे. डेराबस्सीजवळ बसच्या वायरिंगने पेट घेतला. त्याने प्रवासी उतरवले, बॅटरी तोडणारा खटका बंद केला आणि मला फोन लावला. "बाबा, खटका बंद केलाय, तरी वायर जळतेच आहे." मी ओरडलो, "लांब हो आधी!" "मागे एक आजी राहिल्यात," म्हणाला. आजींना त्याने खिडकीतून खाली दिले. तो आला नाही.

२. बसमालक तेराव्याला घरी येऊन म्हणाला, "घबरा गया होगा जी, स्विच बंद ही नहीं किया." तपासात खटका माझ्यासमोर उघडला. मूठ बंदवर होती. आतले तांबे वितळून एकजीव झाले होते, म्हणून मूठ बंद करूनही वीज तुटली नाही. बॅटरीजवळचा फ्यूज काढून कोणी नुसती धातूची पट्टी जोडली होती. फ्यूज असता तर तो आधी उडाला असता. मालकाने शब्द मागे घेतला नाही. त्याला माझ्या अंत्ययात्रेत येऊ देऊ नये.

३. इंडस्ट्रियल एरियातील आमची गाड्या दुरुस्तीची शेड व हत्यारे माझा भागीदार परीक्षित याला. कोणत्याही गाडीला खटका बसवताना बॅटरीला लागून, खटक्याच्या आधी, त्याला झेपेल एवढाच फ्यूज घालावा. नको म्हणणारे गिऱ्हाईक परत पाठवावे.

४. राहते घर सून हरलीन हिला, एकटीला. धाकटा भाऊ बाबुराव म्हणतो, "उद्या ती दुसरं लग्न करील, घर परक्यात जाईल." बाबुराव, तिने लग्न करावे असे मीच तिला सांगितले. "पापाजी, आपको कौन देखेगा?" एवढेच बोलून ती पोळ्या लाटत राहिली. लग्न केले तरी तिचा हक्क तसूभरही कमी होणार नाही.

५. अग्नी नात ईश्वरीने द्यावा. मला निरोप देताना ती हिंदीतच बोलेल. तिला कोणी टोकू नये.

हरलीन, सून म्हणून आलीस. यापुढे हे तुझे माहेर. लग्न करून गेलीस तरी दिवाळीला येत जा. दार उघडायला मी नसेन, किल्ली तुझ्यापाशी असू दे.

सही: गजानन विनायक दाभाडे

आमच्यासमोर सही केली:
१. स्मिता प्रणव केळशीकर, शेजारी
२. निवृत्त हवालदार श्रीराम घोरपडे, मित्र

चंदीगड, १४ नोव्हेंबर २०२५